गोष्टीतल्या माणसाने हाताने काय केलं, तिथून सुरुवात करा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं, की मुलगी सात वर्षांची आणि मुलगा चारचा, यंदा जूनपासून दोघांना घरीच शिकवताय, पुस्तकं भरपूर वाचून दाखवता, पण पुस्तकावरच्या ॲक्टिव्हिटी म्हणून नेटवरून जे प्रिंट काढता, मुखवटे, रंगवायची चित्रं, कापा-चिकटवा वगैरे, ते मुलं दहा मिनिटांत उरकतात आणि परत तुमच्या मागे लागतात. पुस्तकांवरून नक्की काय करायचं, किती करायचं, आणि दोघांना एकत्र कसं घ्यायचं, असा प्रश्न आहे.

ताई, मी माझ्या दोन्ही मुलांना घरी शिकवलं, आता ती मोठी झालीत, आणि शनिवारी आमच्या गच्चीवर आजूबाजूच्या होमस्कूलिंगवाल्या घरांतली मुलं जमतात, त्यांच्याबरोबर हेच चालू असतं. त्यावरून एकच गोष्ट सांगते आणि मग उदाहरणं देते. पुस्तकाची सजावट करायची नाही. सुरवंटाची गोष्ट वाचली की कागदी सुरवंट बनवायचा, सिंहाची वाचली की सिंहाचा मुखवटा, यात मुलाला नवीन काहीच कळत नाही, त्याला सुरवंट कसा दिसतो ते चित्रातच दिसलेलं असतं. त्यापेक्षा गोष्ट वाचताना क्रियापदांकडे लक्ष ठेवा. कोण काय खातं, बांधतं, शिवतं, मोजतं, दुरुस्त करतं, कुठून कुठे जातं. त्यातलं एखादं काम घरात खरोखर करता येतं का बघा, आणि येत असेल तर तेच करा, खऱ्या सामानाने, जेवढे दिवस लागतील तेवढे दिवस.

सुरवंटाचंच घ्या, कारण तुमच्या मुलाच्या वयाला ते अगदी बरोबर बसतं. एरिक कार्ल यांचं भुकेल्या सुरवंटाचं पुस्तक (१९६९चं, जगभर पोचलेलं) तुमच्याकडे असेलच. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन पेअर, असं करत शनिवारी केक, आइस्क्रीम, सगळं खातो आणि पोट दुखतं. आता घरात कढीपत्त्याची नाहीतर लिंबाची कुंडी असेल तर पावसाळ्यात आणि त्याच्यानंतर ऑक्टोबरपर्यंत रोज कोवळ्या पानांवर बघायचं, फिकट पिवळं, राजगिऱ्याच्या दाण्याएवढं गोल अंडं दिसतं, किंवा पानावर पक्ष्याची विष्ठा पडलीय असं वाटतं आणि ती विष्ठा हलते. तोच सुरवंट. लाइम बटरफ्लाय नाहीतर कॉमन मॉरमॉन, ही दोन्ही फुलपाखरं या झाडांवर अंडी घालतात आणि आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन (२०१५ साली जाहीर झालं) ते पण लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं.

कुंडीतली डहाळी तोडून छोट्या बाटलीत पाण्यात ठेवायची, बाटलीचं तोंड कापसाने नीट बंद करायचं नाहीतर सुरवंट घसरून पाण्यात बुडतो, आणि हे सगळं मोठ्या बरणीत ठेवून वर मलमलचं फडकं बांधायचं. बाजारातून आणलेला कढीपत्ता चुकूनही घालू नका, त्यावर फवारणी असते, सुरवंट एका दिवसात मरतो आणि मुलाला ते फार लागतं. रोज ताजी डहाळी, रोज बरणी साफ करणं, हे काम चार वर्षांचं मूल करू शकतं, आणि करू द्यायचंच.

आता पुस्तकाकडे या. पुस्तकातला सुरवंट सगळं खातो, मग आपला खाईल का? पानाच्या शेजारी सफरचंदाची बारीक फोड ठेवा (पान काढून घेऊ नका, उपाशी ठेवायचं नाहीये). आधी मुलांना विचारा काय होईल, मुलीला वहीत लिहू दे, मुलाला चित्र काढू दे, मग दुसऱ्या दिवशी बघा. तो फोडीकडे ढुंकूनही बघत नाही. शेजारी पालकाचं पान ठेवा, तेही नाही. चार वर्षांचा मुलगा स्वतःहून "पुस्तकात खोटं लिहिलंय" म्हणतो, आणि तिथून जी चर्चा सुरू होते ना, लेखकाने असं का केलं असेल, गोष्टीत चालतं का, कुठल्या गोष्टीत चालत नाही, ती चर्चा कुठल्याही वर्कशीटवर मिळत नाही.

मोजमाप करायचं तर पट्टी नको, सुरवंट पट्टीवर स्थिर राहत नाही. रोज त्याच्या शेजारी जाड दोरा धरायचा, तेवढा कापायचा आणि तारीख घालून वहीत उभा चिकटवायचा. दहाबारा दिवसांत आलेख आपोआप तयार, आलेख हा शब्दही न वापरता. मध्येच एक दिवस तो एकदम हिरवा होतो. काडीने अगदी हळू टेकवलं तर डोक्यामागून केशरी-लाल दोन शिंगं बाहेर काढतो आणि उग्र वास येतो, हे त्याचं शत्रूला घाबरवायचं हत्यार, एकदाच बघा, रोज त्रास देऊ नका. मग खाणं थांबतं, इकडेतिकडे भटकतो आणि एखाद्या काडीवर शेपटीकडून चिकटून, कमरेला रेशमाचा बारीक धागा बांधून कोष होतो. आठदहा दिवसांनी कोष गडद होतो आणि आतले पंख दिसायला लागले की दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठवा मुलांना, कारण बाहेर येणं काही मिनिटांत उरकतं. त्यानंतर तास-दोन तास पंख वाळेपर्यंत हात लावायचा नाही.

आणि हे आधीच सांगून ठेवा की प्रत्येक कोषातून फुलपाखरू येतंच असं नाही. कधीकधी बारीक गांधीलमाशीसारखे कीटक किंवा माशी बाहेर येते, त्यांची अंडी सुरवंटाच्या अंगात किंवा अंगावर आधीच घातलेली असतात. लपवू नका. मुलं आपल्या अंदाजापेक्षा जास्त शांतपणे घेतात हे, आणि मग विचारतात की त्या माशीची आई कोण. परदेशातल्या बऱ्याच मराठी आया मला विचारतात की आमच्याकडे कढीपत्ता घरातच खिडकीत असतो, फुलपाखरू कुठून येणार. अमेरिकेच्या पूर्वेकडे असाल तर अंगणात पार्सली, शेपू किंवा बडीशेप लावा, तिथलं ब्लॅक स्वॅलोटेल त्याच झाडांवर येतं, सुरवंट तशीच शिंगं काढतो.

लहान्यासाठी दुसरं एक, फार सोपं. माधुरी पुरंदरे यांचा 'राधाचं घर' हा छोट्या पुस्तकांचा संच आहे, ज्योत्स्ना प्रकाशनाचा. राधाच्या घरातल्या एकेका माणसावर एकेक पुस्तक. वाचून झालं की आपल्या घराचा संच करायचा. मुलाने आजीच्या मागे अर्धा दिवस फिरायचं, आजी काय काय करते ते बघायचं, संध्याकाळी तो सांगेल ते तुम्ही जसंच्या तसं लिहायचं, त्याच्या बोलीत, व्याकरण सुधारायचं नाही. "आजी चष्मा शोधते. चष्मा डोक्यावर असतो." एका पानावर एक वाक्य, खाली त्याचं चित्र. मोठ्या ताईने, म्हणजे तुमच्या मुलीने, पुस्तक शिवायचं, आणि हे शिवणं महत्त्वाचं आहे, स्टेपलर नको. चार कागद मधोमध दुमडायचे, घडीवर दाभणाने तीन भोकं (भोकं तुम्ही पाडा), सुई मधल्या भोकातून आत, वरच्यातून बाहेर, मग मधलं सोडून थेट खालच्यातून आत, परत मधल्यातून बाहेर, आणि दोन्ही टोकं लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ. सात वर्षांच्या मुलीला दोनतीन वहीत जमून जातं आणि मग ती घरातल्या प्रत्येक कागदाचं पुस्तक करत सुटते. स्वतःचं बोलणं छापल्यासारखं पुस्तकात दिसलं की मूल ते वाचायचा प्रयत्न करतं, वाचन शिकवायला मला तरी याच्याइतकं चांगलं साधन मिळालेलं नाही.

आता मुलीकडे येते. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं. सात वर्षांच्या मुलीला सगळं वाचून दाखवू नका, त्यातल्या काही रात्री (पुस्तकातल्या प्रकरणांना रात्र म्हटलंय) फार जड आहेत, पण 'पत्रावळ' नावाचं प्रकरण जरूर वाचा. श्यामला पत्रावळ लावता येत नसते आणि शेवटी तो ती शिकतो, एवढीच गोष्ट, आणि घरात करायला एकदम तयार. पळसाची पानं मिळवा, शहरात असाल तर वडाचीही चालतात. "पळसाला पानं तीनच" हे आपण बोलण्यात वापरतो, पण मुलांनी कधी मोजलेलं नसतं, देठावर खरंच तीनच असतात का ते आधी झाडावर बघू दे. पानं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची म्हणजे मोडत नाहीत. मोठं पान मध्ये, बाकीची एकावर एक चढवत गोल, आणि टाके घालायला चोया. त्या बांबूच्या असतात, नसल्या तर नारळाच्या झावळीचे हीर बारीक करून घ्या किंवा कडुनिंबाच्या वाळलेल्या काड्या. टाचणी, स्टेपलर अजिबात नको, पोटात जाईल.

पहिल्या पत्रावळीतून आमटी गळते. गळू दे. ताट खाली ठेवा आणि जेवा त्यावर. कुठून गळतंय, तिथे पान किती चढवलं होतं, किती चढवायला हवं होतं, हे मुलगी स्वतः बघेल आणि दुसरी पत्रावळ नीट लावेल, तुम्ही मध्ये पडून दुरुस्त करू नका ही माझी कळकळीची विनंती आहे. आजी किंवा गावाकडचं कोणी असेल तर त्यांना शिकवायला बसवा. आमच्याकडे शनिवारी येणाऱ्या एका आजींना द्रोण येत होता, पत्रावळ येत नव्हती, त्या आणि मुलं एकत्र शिकले, फार छान दिवस होता तो. जेवण झाल्यावर ही पत्रावळ एका कुंडीत पुरा, शेजारच्या कुंडीत आतून चकचकीत असलेली कागदी प्लेट पुरा, दोन्हीला रोज थोडं पाणी, आणि दोन महिन्यांनी उकरा. चकचकीत प्लेटचा प्लास्टिकचा पापुद्रा तसाच हाताला लागतो.

आता चौथं, माझं सगळ्यात आवडतं. 'तोत्तोचान' मराठीत सहज मिळतं, नॅशनल बुक ट्रस्टचं, स्वस्तही आहे. तेत्सुको कुरोयानागी यांनी आपल्या लहानपणच्या शाळेवर लिहिलेलं, जपानीत १९८१ साली आलं. तोमोए नावाची शाळा, वर्ग रेल्वेच्या डब्यांत, आणि कोबायाशी हे मुख्याध्यापक. १९४५ साली टोकियोवरच्या बॉम्बहल्ल्यात ती शाळा जळाली. खरं तर हे पुस्तक पालकांनी आधी वाचावं. तर त्या शाळेत डब्याचा नियम होता, डब्यात काहीतरी समुद्रातलं आणि काहीतरी डोंगरावरचं हवं. मुख्याध्यापकांची बायको दोन भांडी घेऊन फिरायची, ज्याच्या डब्यात जे नाही ते त्याला वाढायची.

आठवडाभर हा नियम घरी लावा. मासे खाणाऱ्यांना सोपं आहे, शाकाहारी घरात मुलगी म्हणेल समुद्रातलं तर काहीच नाही. मग थांबा, उत्तर देऊ नका. दिवसभरात कधीतरी तिचं तिलाच सुचेल, मीठ! आणि मग मीठ करायचं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यातलं बरंचसं आपलं साधं मीठच. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ३५ ग्रॅम मीठ मोजून एक लिटर पाण्यात विरघळवा, अर्धं पाणी पसरट काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात उन्हात, अर्धं वाटीत सावलीत. (ॲल्युमिनियम, लोखंड नको, खराब होतं.) उन्हातलं लवकर आटतं आणि बारीक पांढरी पूड राहते, सावलीतलं कितीतरी दिवस घेतं पण त्यात चौकोनी स्फटिक येतात, भिंगातून बघितले तर कडा एकदम सरळ, जणू कोणी कापून ठेवलेत. तेच मीठ, तेच पाणी, मग फरक कशामुळे, हे तिला शोधू दे. शेवटी जमलेलं सगळं मीठ खरवडून परत काट्यावर ठेवा, जवळपास ३५ भरतं आणि मुलीचा चेहरा बघण्यासारखा होतो. हा प्रयोग पावसाळ्यात करू नका, महिनाभर काही आटणार नाही, दिवाळीनंतर करा.

इथून पुढे वाट आपोआप फुटते. मिठागरं कुठे आहेत ते महाराष्ट्राच्या नकाशावर शोधा, पेण, उरण, वसई-भाईंदर. १९३० साली दांडीला आणि आपल्याकडे शिरोड्याला लोकांनी मिठासाठी सत्याग्रह का केला, एवढीशी गोष्ट, तिच्यासाठी लाठ्या का खाल्ल्या, हे स्वतः मीठ आटवलेल्या मुलीला समजावून सांगावं लागत नाही फार. मग डब्यातली प्रत्येक वस्तू कुठून येते, कोकम सिंधुदुर्ग-रत्नागिरीचं, ज्वारी मंगळवेढ्याची, हळद सांगलीची, एकेक दाणा नाहीतर चिमूट नकाशावर डिंकाने चिकटवा. इतिहास, भूगोल, वजनमाप सगळं एका डब्यातून झालं, आणि वेगळा तास घ्यायला लागला नाही.

सायकलचं थोडक्यात सांगते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मुलीला अजून एक-दोन वर्षांनी जास्त आवडेल, पण वाचून दाखवायला आत्ताही हरकत नाही, "टॉक्" म्हणायला दोघांनाही मजा येते. बन्या, म्हणजे हाच फास्टर फेणे, सायकलवरून सुसाट सुटतो, तर आपण सायकलच्या चाकाने अंतर मोजायचं. टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, एक पूर्ण फेरा ढकला, जमिनीवर दुसरी खूण, मधलं अंतर मोजा. २० इंची चाकाचं साधारण १६० सेंटीमीटर येतं. मग घरापासून वाण्याचं दुकान किती फेरे, बाग किती फेरे, आणि त्यावरून आपल्या भागाचा नकाशा. बन्याची फुरसुंगी पुण्याच्या नकाशात शोधायला लावा. आणि पंक्चर काढायला शिकवा, म्हणजे खरोखर, ट्यूब बाहेर काढून पाण्याच्या बादलीत दाबून बुडबुडे कुठून येतात ते शोधणं, घासपेपरने घासणं, सोल्युशन लावून वाळू देणं आणि मगच पॅच. मुलं घाई करतात, सोल्युशन ओलं असतानाच चिकटवतात आणि पॅच सुटतो, त्यातूनच शिकतात. सायकलवाल्याकडे गेलात तर व्हॉल्व्ह ट्यूब पण थोडी आणा, काडेपेटीच्या काड्या (गूल काढून टाकलेल्या) आणि त्या ट्यूबचे बारीक तुकडे जोडून त्रिकोण, चौकोन, घनाकृती बनवता येतात. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करायला शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी हे देशभर पोचवलं, त्यांच्या वेबसाइटवर अशी मराठी पुस्तकं फुकट आहेत. चौकोन दाबला की वाकडा होतो, त्रिकोण होत नाही, हे हातांना कळलं की पुलांचे फोटो दाखवा.

आता किती करायचं. एक पुस्तक महिनाभर चालू द्या. नेटवर रोज नवीन ॲक्टिव्हिटीचे कॅलेंडर मिळतात, ते बघून आयांना उगाच आपण कमी पडतोय असं वाटतं, आणि खरं सांगते, त्या कॅलेंडरांनी होमस्कूलिंग करणाऱ्या बायका जेवढ्या दमल्यात तेवढ्या मुलांनी नाही दमवल्या. पुस्तक पहिल्यांदा नुसतं वाचा. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाचा. "आता आपण यावरून काय करणार" हे आधी बोलूच नका, नाहीतर मूल गोष्ट ऐकायची सोडून पुढच्या कामाची वाट बघत बसतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी बहुतेक तेच विचारतं, आपण करायचं का असं. नाही विचारलं तर त्या पुस्तकाचं काही करू नका. कविता, झोपताना वाचायची पुस्तकं, कोणीतरी गेल्याची गोष्ट, यांचं काहीही करायचं नसतं, ती तशीच राहू द्यायची. दहा पुस्तकांतल्या एखाद्याचं काम निघालं तरी वर्ष भरून जातं.

पुस्तकांवर खूप पैसे घालू नका. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात, बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून चालू आहे आणि जुने अंकही ऑनलाइन आहेत, त्या जुन्या अंकांत हाताने करायच्या गोष्टी भरपूर असतात. मोठी लायब्ररी जवळ असेल तर मुलीच्या नावाने वेगळं कार्ड काढा.

दोघांना एकत्र कसं करायचं हेही तुम्ही विचारलंय. एकच काम, वेगळा वाटा. मिठात मुलगी वजन करते, मुलगा ढवळतो. पत्रावळीत तो पानं पुसतो आणि मोठी-लहान वेगळी करतो, ती टाके घालते. सुरवंटाचा मालक मात्र धाकटा, तिथे ताईने मदतनीस व्हायचं, हे आधीच ठरवा, नाहीतर सगळं ताईच करते आणि धाकटा नुसता बघत राहतो.

नोंदी ठेवायला एक साधी लांब वही पुरे, तारीख, काय केलं, मूल काय म्हणालं, आणि मधूनमधून दोरा-पान-मिठाची पुडी चिकटवलेली. सासरचे लोक किंवा शेजारी विचारतात ना "मुलं दिवसभर करतात काय", त्यांच्या हातात ही वही द्या. परीक्षेची काळजी आत्ता करू नका, दहावी एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते, तुमच्याकडे सात वर्षं आहेत. आत्ता आधी कढीपत्त्याची कुंडी बघा, पाऊस सुरू झालाय, कोवळ्या पानांवर उलट्या बाजूनेही बघा, अंडी बऱ्याचदा तिथेच असतात. सापडलं तर कळवा, कुठल्या फुलपाखराचं आहे ते सुरवंट हिरवा झाल्यावर फोटोवरून सांगेन.